भिंगावरचा कोंडा आणि काचबिंदू : केसपेपरवर 'पीएक्सएफ' लिहिलं असेल तर काय करायचं

साठी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या केसपेपरवर कधी कधी 'पीएक्सएफ' किंवा 'पीईएक्स' अशी तीन अक्षरं कोपऱ्यात लिहिलेली असतात. चष्म्याचा नंबर किती, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, एवढं विचारून घरचे निघतात आणि ती अक्षरं तशीच राहून जातात. त्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची नोंद बहुतेकदा तीच असते. तिचा पूर्ण उच्चार स्यूडोएक्सफोलिएशन. डोळ्यातल्या भिंगावर आणि त्याच्या आजूबाजूला प्रथिनांचे बारीक तंतू साचतात. त्यातून काही जणांना काचबिंदू होतो आणि तो नेहमीच्या काचबिंदूपेक्षा वेगाने पुढे सरकतो.

डोळ्यात नेमकं काय होतं

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होत असतो. याचा अश्रूंशी संबंध नाही. आयरिसच्या मागच्या बाजूने निघून हा द्रव बाहुलीतून पुढे येतो आणि पारदर्शक बुबुळ व रंगीत आयरिस जिथे भेटतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर पडतो. जितका तयार होतो तितका निघून गेला की डोळ्याचं प्रेशर साधारण 10 ते 21 या टप्प्यात राहतं. एकक मिलिमीटर पारा, म्हणजे बीपीचंच.

या आजारात भिंगाचं आवरण, आयरिस आणि त्यामागच्या पेशी एक राखाडी-पांढरा, तंतुमय पदार्थ तयार करू लागतात. डॉक्टर त्याला सरळ कोंडा म्हणतात, कारण स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) तो दिसतो तसाच. हा कोंडा बाहुलीच्या कडेवर, भिंगावर, भिंगाला धरून ठेवणाऱ्या धाग्यांवर आणि त्या जाळीत जाऊन बसतो. शिवाय बाहुली दिवसभर लहानमोठी होताना आयरिसची मागची बाजू या खरखरीत भिंगावर घासते आणि तिचा तपकिरी रंग सुटून पाण्यात पडतो. तोही वाहत जाऊन जाळीतच अडकतो. निचरा मंदावतो, प्रेशर चढतं आणि मागची डोळ्याची नस दबून सुकायला लागते. नस एकदा सुकली की परत येत नाही. सगळे उपचार उरलेली नस वाचवण्यासाठी असतात.

फिनलंडच्या योन लिंडबर्ग यांनी 1917 मध्ये याचं पहिलं वर्णन केलं. 2007 मध्ये आइसलंडमधल्या संशोधकांना याच्याशी जोडलेलं एलओएक्सएल-1 हे जनुक सापडलं. मात्र जनुकाची तीच रूपं आजार नसलेल्या असंख्य लोकांतही आढळतात, तेव्हा कुणी जनुक तपासणीचं पॅकेज पुढे केलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्या पैशात वर्षभराचे थेंब येतात.

पन्नाशीच्या आत हा आजार क्वचितच दिसतो. साठीनंतर प्रमाण वाढत जातं. उन्हात आणि विशेषतः पाण्यावरून परतणाऱ्या उजेडात आयुष्यभर काम केलेल्यांत तो जास्त आढळतो असं अभ्यास सांगतात. म्हणून नवी मुंबईतल्या दिवाळे किंवा ऐरोलीच्या कोळीवाड्यात होडीवर उभी हयात गेलेल्या आजोबांची तपासणी तर नक्कीच करून घ्यावी. टोपी आणि यूव्ही संरक्षण असलेला गॉगल तरुणांनी आजपासून वापरला तर नुकसान काहीच नाही.

तपासणीला जाताना

या आजाराची खूण बाहुली मोठी केल्याशिवाय नीट दिसत नाही. मोठी केल्यावर भिंगावर मधोमध एक फिकट पांढरी चकती दिसते, तिच्याभोवती स्वच्छ कडं आणि त्याच्या बाहेर पुन्हा दाणेदार पांढरा पट्टा. मधलं कडं स्वच्छ का, तर तिथलाच कोंडा आयरिस घासून पुसून टाकते. बाहुली लहान असताना बाहेरचा पट्टा आयरिसच्या मागे लपतो. सोसायटीच्या शिबिरात किंवा चष्म्याच्या दुकानात हवेचा झोत मारून प्रेशर बघतात, 17 येतं, सगळे खूश होतात आणि आजार तसाच राहतो. हवेच्या मशीनचा आकडा ही चाळणी आहे, निदान नव्हे.

एका भेटीत या गोष्टी झाल्या पाहिजेत: गोल्डमन टोनोमीटरने प्रेशर (यात डोळ्याला पिवळा रंग आणि निळा उजेड लावतात), बुबुळाची जाडी, कोन बघण्यासाठी डोळ्यावर छोटं भिंग टेकवून करायची गोनिओस्कोपी, मग बाहुली मोठी करून भिंग आणि नस. कोन आधी बघायचा, बाहुली नंतर मोठी करायची. या आजारात भिंगाचे धागे सैल पडून भिंग पुढे सरकतं, त्यामुळे काहींचा कोन अरुंद होतो. अशा डोळ्यात न बघता बाहुली मोठी केली तर प्रेशर एकदम भडकू शकतं. बुबुळाची जाडी यासाठी, की पातळ बुबुळावर प्रेशर प्रत्यक्षापेक्षा कमी मोजलं जातं.

बाहुली मोठी केल्यावर रंगाचे कण मोठ्या प्रमाणात सुटतात आणि तास-दोन तासांत प्रेशर चढू शकतं. म्हणून निघण्यापूर्वी 'आता पुन्हा एकदा प्रेशर बघाल का?' असं विचारा. गर्दीच्या ओपीडीत हे राहून जातं, आणि विचारलं तर कुणी चिडत नाही.

दुसरी अडचण म्हणजे या काचबिंदूत प्रेशर दिवसभरात खूप वरखाली होतं. सकाळी अकराला 18 असलेला डोळा पहाटे 30 वर असू शकतो. नस खराब होतेय पण आकडा मात्र दर वेळी चांगला, असं चित्र असेल तर एकाच दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत दर दोन-तीन तासांनी प्रेशर मोजून तक्ता करून मागा. तेवढं जमत नसेल तर निदान अपॉइंटमेंट दर वेळी वेगळ्या वेळेची घ्या: एकदा सकाळची पहिली, एकदा संध्याकाळची.

सोबत न्यायचं ते असं: जुने सगळे रिपोर्ट, दोन्ही चष्मे, चालू असलेल्या थेंबांच्या बाटल्या आणि पोटातल्या गोळ्यांची यादी. दमा, नाडी मंद असणं, किडनी स्टोन, सल्फाची ॲलर्जी आणि कुठलंही स्टेरॉइड (दम्याचा पंप, त्वचेचं मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन) आवर्जून सांगा. सोबत माणूसही न्या. बाहुली मोठी झाल्यावर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. स्कूटर तर नाहीच, आणि ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या फलाटाकडे पुलावरून एकट्या आजींना पाठवणंही बरं नव्हे.

खर्चाची चिंता असेल तर ठाणे-नवी मुंबईकरांना मेडिकल कॉलेजांचे नेत्रविभाग जवळच आहेत: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरुळचं डी. वाय. पाटील. नवीन पनवेलला शंकरा आय हॉस्पिटल आहे. ठाण्याहून नेरुळ आणि पनवेलला थेट लोकल आहेत. सरकारी योजनेत काय बसतं हे रेशनकार्ड दाखवून तिथल्या समाजसेवा अधीक्षकांनाच विचारा. काउंटरवर मिळालेलं उत्तर बऱ्याचदा अर्धवट असतं.

रिपोर्ट वाचताना

दोन तपासण्या पुन्हा पुन्हा होतील. पहिली फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी: अंधाऱ्या खोलीत एका मशीनमध्ये तोंड घालून, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवून, बाजूला लुकलुकणारा उजेड दिसला की बटण दाबायचं. कागदावर 'एमडी' नावाचा आकडा असतो. शून्याच्या आसपास म्हणजे ठीक, उणे 6 पर्यंत सुरुवातीचा टप्पा, उणे 6 ते उणे 12 मधला, त्यापुढे गंभीर. पहिली टेस्ट हमखास बिघडते, कारण माणूस प्रत्येक उजेड शोधायला डोळे फिरवतो. काही उजेड मुद्दाम इतके मंद असतात की ते कुणालाच दिसत नाहीत. न दिसलेल्या उजेडाला घाबरून अंदाजे बटण दाबू नये. थकवा आला तर बटण दाबून धरलं की मशीन थांबतं. पापणी लोंबत असेल तर ती पट्टीने वर चिकटवायला सांगा, नाहीतर वरचा भाग काळा येतो आणि उगाच घाबरगुंडी उडते.

दुसरी ओसीटी. यात नसेच्या तंतूंची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. निरोगी डोळ्यात सरासरी साधारण 90 ते 100 च्या आसपास असते, पण दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. घोडबंदरला एकदा, वाशीला एकदा, सवलत असेल तिथे एकदा, असं केलं तर तीन रिपोर्ट असूनही तुलना शून्य. ओसीटी आणि फील्ड शक्यतो एकाच ठिकाणी करा.

दुसऱ्या डोळ्याकडेही लक्ष असू द्या. कोंडा बहुधा आधी एका डोळ्यात दिसतो. दुसऱ्यात काही वर्षांनी येऊ शकतो. नुसता कोंडा असून प्रेशर आणि नस ठीक असेल, तर तो काचबिंदू नाही आणि थेंब लागत नाहीत. पण दर सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने, बाहुली मोठी करून तपासणी मात्र सोडायची नाही.

थेंब : नव्वद टक्के घोळ इथेच

पहिला थेंब बहुधा लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्ट असतो, रात्री एकदा. याने सुरुवातीला डोळा लाल होतो, पापण्यांचे केस लांबतात, पापणीभोवतीची कातडी काळवंडते. धोक्याचं काही नाही, पण सांगितलं नसेल तर लोक आठवड्यात थेंब बंद करतात. दुसरा टिमोलॉल, एकदा किंवा दोनदा. दमा किंवा मंद नाडी असलेल्याला तो चालत नाही, कारण थेंब नाकातून घशात उतरून रक्तात जातो. मग ब्रिमोनिडिन (तोंड कोरडं, झोप येणं), डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड (चुरचुर, तोंडाला कडू चव). या काचबिंदूत एका थेंबावर भागत नाही असं बऱ्याचदा होतं. सुरुवातीला प्रेशर छान उतरतं आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चढतं. तो डॉक्टरांचा दोष नाही, आजाराचा स्वभाव आहे.

टाकायची पद्धत:

1. हात साबणाने धुवा. दुधाळ दिसणारं औषध असेल तर बाटली हलवा.
2. पलंगावर सरळ झोपा. वयस्कर माणसाला उभ्याने नेम धरता येत नाही.
3. एका बोटाने खालची पापणी ओढून खळगा करा, नजर वर छताकडे. बाटलीचं टोक डोळ्यापासून बोटभर वर, पापणीला टेकवायचं नाही.
4. एकच थेंब. डोळ्यात एका थेंबाइतकीही जागा नसते, दुसरा गालावरच जातो.
5. डोळा हलकेच मिटा, मिचकावू नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवा. औषध डोळ्यात थांबतं आणि शरीरात कमी जातं.
6. दुसरं औषध पाच मिनिटांनी. लगेच टाकलं तर पहिलं धुऊन जातं.

हात थरथरत असेल तर मूठ कपाळावर टेकवून मग बाटली वाकवा. थेंब डोळ्यात पडला की नाही हे कळत नाही अशी तक्रार असेल, तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. गार थेंब बरोबर जाणवतो.

फ्रिजचा मुद्दा आपल्याकडे गंभीर आहे. साधं लॅटानोप्रोस्ट न उघडता 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. उघडल्यावर 25 अंशांपर्यंत सहा आठवडे चालतं. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये घरात 25 अंश असतात का? तेव्हा उघडल्यावरही फ्रिजच्या दारातच ठेवा, फ्रीझरमध्ये नको. मेडिकलमधून आणताना बाटली फ्रिजमधूनच काढून दिली का ते बघा. बाहेर चालणाऱ्या बनावटीही मिळतात, वेष्टनावर तसं छापलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहा आणि साधारण चार आठवड्यांनी, किंवा वेष्टनावर असेल तेव्हा, ती टाकून द्या. अडीच मिलीच्या बाटलीत सुमारे 80 थेंब बसतात. दोन्ही डोळ्यांना रोज एकेक धरला तर महिन्याचे साठ. बाटली तीन आठवड्यांत संपत असेल तर थेंब बाहेर जातायत, दोन-दोन महिने पुरत असेल तर थेंब चुकतायत. औषध चाललंय का याचा इतका सोपा हिशेब दुसरा नाही.

रात्रीचा थेंब राहिला तर आठवेल तेव्हा टाका. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या रात्री नेहमीचा एकच, डबल नाही. आणि तपासणीच्या दिवशी 'आज डॉक्टर बघणारच आहेत' म्हणून थेंब चुकवायचा नाही, उलट त्या दिवशी तर हवाच.

कधी प्रेशर तातडीने उतरवायला ॲसिटाझोलामाइडच्या 250 मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा कडवट लागतो. सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर ही गोळी परस्पर पुन्हा आणून घेऊ नका.

मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे थेंब' मागून आणणं पूर्ण बंद. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. डोळा एका दिवसात पांढराशुभ्र होतो आणि प्रेशर गुपचूप चढत राहतं.

पाणी आणि योग, दोन्ही चांगल्याच गोष्टी, पण जरा जपून. उठल्याउठल्या एक लिटर पाणी गटागट पिण्याची पद्धत सध्या ठाण्यात मासुंदा तलावाभोवती फिरणाऱ्या प्रत्येक गटात सांगितली जाते. इतकं पाणी एकदम प्यायलं की काचबिंदूच्या डोळ्यात प्रेशर तात्पुरतं चढतं. थोडं थोडं प्या. शीर्षासनात प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं, तेव्हा ते आणि सर्वांगासन वगळा. डोकं खाली जाणारी बाकी आसनंही नकोत. चालणं, प्राणायाम, डोकं वर राहणारी आसनं बिनधास्त.

लेझर आणि ऑपरेशन

थेंब पुरत नसतील किंवा जमत नसतील तर निचऱ्याच्या जाळीवर मारायचं एसएलटी लेझर. ओपीडीतच, पाच-दहा मिनिटांचं काम. जाळीत रंग भरपूर असल्यामुळे या आजारात लेझरचा परिणाम सुरुवातीला चांगला मिळतो. त्याच कारणाने लेझरनंतर तासाभरात प्रेशर उसळूही शकतं, म्हणून तासाभराने मोजूनच घरी सोडतात. परिणाम काही वर्षांत ओसरतो. त्यापुढची पायरी ट्रॅबेक्युलेक्टोमी, म्हणजे पांढऱ्या भागातून निचऱ्याची नवी वाट, किंवा डोळ्यात बसवायची नळी. ऑपरेशनपेक्षा नंतरच्या फेऱ्या महत्त्वाच्या: पहिल्या महिन्यात जवळजवळ दर आठवड्याला बोलावतात, टाके सैल करतात, औषध बदलतात. पहिला महिना गावी जायचा बेत असेल तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र प्रत्येक पीएक्सएफवाल्याने नीट समजून घ्यावं, काचबिंदू नसला तरी. भिंगाला धरणारे धागे कोंड्याने कमकुवत झालेले असतात आणि बाहुली पुरेशी मोठी होत नाही. ऑपरेशन चालू असताना धागे तुटले तर भिंग मागे घसरू शकतं. अनुभवी सर्जन बाहुली ताणायचे हुक, भिंगाची पिशवी आधाराने धरणारी रिंग तयार ठेवून बसतात. ऑपरेशनआधी हे विचारा: केसपेपरवर पीएक्सएफ आहे हे पाहिलंय ना? रिंग आणि हुक तयार असतील का? गरज पडली तर पडद्याचे सर्जन उपलब्ध आहेत का? शिबिरात रांगेने होणाऱ्या ऑपरेशनपेक्षा अशा डोळ्याला निवांत नेमलेली वेळ बरी. मोतीबिंदू पूर्ण पिकायची वाट बघणंही चुकीचं. कडक भिंग काढताना सैल धाग्यांवर जास्त ताण येतो.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर सर्जनना आधी सांगा. त्याने आयरिस लिबलिबीत होऊन बाहुली ऑपरेशनच्या मध्येच आकसते. गोळी बंद करूनही परिणाम लगेच जात नाही, म्हणून स्वतःहून बंद करू नका. सर्जनना माहीत असलं की ते तयारीने बसतात. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी प्रेशर चढू शकतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची तपासणी टाळायची नाही. पुढे काही काळ प्रेशर आधीपेक्षा थोडं कमी राहतं, हा फायदा खरा. पण भिंग काढलं म्हणून कोंडा तयार होणं थांबत नाही. थेंब बंद करायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

बसवलेली लेन्स पिशवीसकट सरकण्याचा प्रकारही याच आजारात जास्त, आणि तो बऱ्याचदा ऑपरेशननंतर सात-आठ वर्षांनी होतो. तोवर सगळे विसरलेले असतात. दिसणं थरथरल्यासारखं वाटलं, एका डोळ्याने दोन दोन दिसू लागलं, लेन्सची कड दिसली किंवा नंबर अचानक बदलला तर चष्म्याच्या दुकानात न जाता सर्जनकडे जा. डोळा अचानक खूप दुखणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी वलयं, उलटी, अंधुक दिसणं, हे एकत्र आलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रविभागाच्या इमर्जन्सीत. उलटी आणि डोकेदुखीमुळे पित्त समजून गोळी घेऊन झोपणं ही इथली नेहमीची चूक. भावंडांना आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांनाही एकदा तपासायला न्या, आणि तिथे 'घरात पीएक्सएफ आहे' हे आपणहून सांगा. न विचारता कुणी बाहुली मोठी करेलच असं नाही.